इफ्फतच्या पडवीतले तीन कॉम्प्रेसर

पालीच्या बाजारात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. कोणाच्या घरात काय चाललंय हे दुकानदाराला विचारावं लागत नाही. माणूस काय विकत नेतो त्यावरून कळतं. भावाभावांत बिनसलं की कुलपं खपतात, लग्न ठरलं की चुना आणि ब्रश. इफ्फत मुकादमच्या घरात काय चाललं होतं ते मला असंच कळलं, तिच्या नवऱ्याला कळण्याच्या कितीतरी आधी.

तिचा नवरा तहा शारजाला असायचा. गाड्या रंगवायच्या मोठ्या गॅरेजात तो पेंटर आहे, असं सगळी पाली सांगे. घरी इफ्फत, तिची लहान मुलगी आयात आणि सासू खुर्शीदबी. चिऱ्याचं घर, कोल्हापूरला जाणाऱ्या रस्त्यापासून दोन घरं आत, बाजूला लांबलचक पडवी. तहा दर सुट्टीला यायचा आणि जाताना सांगून जायचा की आता सहा महिने, मग कायमचा परत येतो आणि पडवीत स्वतःचं वर्कशॉप टाकतो. माणूस खोटं बोलणारा नव्हता. फक्त त्याचे सहा महिने फार मोठे असायचे.

अठ्ठ्याण्णव साली मात्र या बोलण्याचा पुरावा आला. कार्गोने एक खोकं आलं आणि त्यात मिंक ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला एक कॉम्प्रेसर निघाला. लाल आडवी टाकी, वर मोटर, खाली दोन चाकं. मागोमाग तहाचा फोन आला: कोणी हात लावू नका, मी आल्यावरच चालू करायचा. खुर्शीदबीने लेकाचा शब्द पाळला. कॉम्प्रेसर पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी ठेवला, त्यावर क्रोशाचं कव्हर घातलं आणि वर प्लॅस्टिकच्या गुलाबांची फुलदाणी ठेवली. पाहुणे येऊन बघून जात. वरच्या आळीतल्या एका म्हातारीला ते ऑक्सिजनचं यंत्र वाटलं. तिने खुर्शीदबीचा हात हातात घेऊन तब्येतीची चौकशी केली.

तहाने फोनवर आणखी एक काम सांगितलं होतं. नाव दुसऱ्या कोणी उचलू नये म्हणून पाटी आधीच लावून टाकायची. त्याप्रमाणे त्याच आठवड्यात रस्त्याच्या तोंडाला पाटी लागली: शारजा ऑटो पेंटिंग वर्क्स, प्रोप्रायटर तहा मुकादम. वर्कशॉप नव्हतं, पेंटर नव्हता, पाटी होती. ती वाचून गिऱ्हाइकं येऊ लागली. इफ्फत दारात येऊन सांगायची, ते शारजाला आहेत. कधी येतील? येतील.

एक दिवस सदू रिक्षावाला आला. रिक्षात रत्नागिरीला जाणारी तीन माणसं, आणि मागच्या चाकात हवा नाही. इफ्फतने नेहमीचं उत्तर दिलं. सदू म्हणाला, "माका रंग नको गो. पाटी हाय, मशीन हाय, मग हवा तरी असंल ना?"

इफ्फत आत गेली. तिने फुलदाणी उचलली, कव्हर काढलं, वायर उलगडली, तर शारजाची ती चौकोनी पिन आपल्या भिंतीतल्या भोकांत जाईना. सदूला थांबवून ती माझ्या दुकानात आली आणि पंधरा अँपियरचा प्लग मागितला. कोण बसवणार, असं मी विचारलं. तिने एक स्क्रूड्रायव्हरही मागितला. मशीन सुरू झालं तेव्हा छप्पर कोसळतंय असं वाटून खुर्शीदबी पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर धावली. सदूच्या चाकात हवा भरली गेली. दुसऱ्या दिवशी तो आणखी दोन रिक्षावाले घेऊन आला. कॉम्प्रेसर पडवीत गेला तो पुन्हा टीव्हीशेजारी आला नाही.

तहाला हे कोणी सांगितलं नाही. पुढे मी एकदा इफ्फतला त्याबद्दल विचारलं, तर ती म्हणाली, "त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. ते विचारतच नाहीत भाऊ, ते सांगतात."

दोन हजार साली दुसरा कॉम्प्रेसर आला. हा मोठा होता, पट्ट्यावर चालणारा, पण वापरलेला. फोनवर तहा खुशीत होता. दोन झाले, आता सहा महिन्यांत येतोच. दुसऱ्यालाही हात लावायचा नव्हता. इफ्फतने तो पडवीच्या कोपऱ्यात झाकून ठेवला. पहिल्याला हात लावून बसल्यामुळे दुसऱ्याच्या बाबतीत ती फार काटेकोर होती.

तेवढ्यात रावजी आला. रावजीचा बाजारात लोखंडी कपाटं बनवायचा धंदा. ऐन लग्नसराईत त्याचा पेंटर मुंबईला निघून गेला होता आणि न रंगवलेली कपाटं दुकानाबाहेर उभी होती. प्रोप्रायटर नसले तरी मशीन आहे ना, असं म्हणत त्याने एक कपाट हातगाडीवर घालून आणलं. इफ्फत दोन दिवस नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी रत्नागिरीला जाऊन स्प्रे गन घेऊन आली.

कपाटाचा पहिला अर्धा दरवाजा छान झाला. मग टाकीतली हवा उतरली, गन थुंकायला लागली आणि उरलेला अर्धा दरवाजा फणसाच्या सालीसारखा झाला. रावजीने तो सगळ्या बाजूंनी निरखला आणि नवीन डिझाइन म्हणून खपवायची तयारी दाखवली. इफ्फतने ते ऐकलं नाही. तिने सगळा रंग खरवडून काढला आणि माझ्याकडे आली.

माझ्याकडे तेव्हा धोंडूकाका बसलेले असत. हर्ण्याच्या बंदरात मच्छीमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. म्हातारपणी ते पालीला लेकीकडे येऊन राहिले. इथे समुद्र नाही, बोट नाही, म्हणून ते रोज माझ्या दुकानात बसून माझ्या पान्यांना नावं ठेवायचे. मी त्यांना इफ्फतबरोबर पाठवून दिलं, थोडं माझ्याही सुखासाठी.

काकांनी मशीन चालू करायला लावलं आणि नुसतं ऐकलं. मग म्हणाले, "बाय, गन मागते जास्त नि टाकी देते कमी. एकाचं काम नाय हे. तो दुसरा कशाला झाकून ठेवलायस?"

"तो त्यांचा हाय, काका."

"आणि हा पहिला?"

इफ्फतने दुसऱ्यावरची चादर काढली.

त्या आठवड्यात माझ्याकडून रबरी पाइप गेला, क्लिपा गेल्या, दोन्ही टाक्यांचे पाइप एकत्र करणारा पितळी टी गेला. दोन टाक्या जोडायच्या आणि हवा एका नळीतून घ्यायची, यात अवघड ते काय, असं काकांसकट सगळ्यांना वाटत होतं. पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही मशीनं एकदम चालू केली. घरातला फ्यूज गेला आणि त्याच झटक्यात आळीच्या खांबावरचाही. वेळ संध्याकाळच्या मालिकांची. शेजारपाजारच्या बाया कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी जमल्या. खुर्शीदबी बाहेर आली आणि त्यांच्यात उभी राहून वीजवाल्यांना सगळ्यांत जास्त तिनेच शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी एकामागून एक चालू केली. लहान मशीन जोरात हवा भरत होतं, पण प्रेशरचा काटा वर चढेना. मोठं बंद केलं की त्याच्या डोक्यातून सुस्कारा ऐकू यायचा. त्याच्या टाकीच्या तोंडावरचा एकमार्गी वॉल्व्ह झिजलेला होता, त्यामुळे एकाने भरलेली हवा दुसऱ्यातून बाहेर जात होती. काका म्हणाले, एक मिळवतोय आणि दुसरा उडवतोय, असा संसार चालायचा नाही. दोन्हींना नवे वॉल्व्ह बसवले. मग काका नि इफ्फतने मिळून प्रेशरचे स्विच असे लावले की हवा थोडी उतरली की मोठं मशीन जागं होईल आणि त्यालाही पुरेना झालं तरच लहान मदतीला येईल. दोघांनी एकदम उठायचं नाही. आळीतले दिवे टिकले आणि रावजीचं कपाट असं निघालं की त्याने नव्या डिझाइनचं नाव पुन्हा काढलं नाही.

पावसाळ्यात नवीन संकट आलं. रंगावर बारीक फोड येऊ लागले. कोकणातली हवा दाबली की तिच्यातून पाणी सुटतं, ते टाकीत साठतं आणि रंगाबरोबर बाहेर पडतं. टाकीखालचा कॉक रोज उघडून ते पाणी काढून टाकावं लागतं. हे काम खुर्शीदबीने स्वतःकडे घेतलं. सकाळचा नमाज झाला की ती पडवीत येऊन एकेका टाकीखाली डबा धरायची आणि गंजलेलं पाणी फणसाच्या बुंध्याला ओतायची. धंद्याला तिची परवानगी कोणी मागितली नव्हती आणि तिने दिलीही नव्हती. लेकाचं मशीन गंजू नये, एवढंच तिचं म्हणणं.

शुक्रवारी तहाचा फोन यायचा. पडवीतलं मशीन आपणहून सुरू व्हायचं, त्याला शुक्रवार कळत नव्हता. एकदा तहाने विचारलं की मागे आवाज कसला येतोय. खुर्शीदबीने सांगितलं, गिरण.

"आपल्या शेजारी गिरण कधी झाली?"

"तू सहा महिन्यांत येणार होतास ना, तेव्हा," खुर्शीदबी म्हणाली आणि तिने फोन सुनेच्या हातात दिला.

तिसरा कॉम्प्रेसर तहाने सौदीतल्या दम्मामच्या एका ओळखीच्या माणसाकडून पाठवला. तो तिकडच्या कमी व्होल्टेजवर चालणारा होता, हे कोणाला माहीत नव्हतं. इफ्फतने आपल्या भिंतीत लावला आणि मोटरने एकच धूर काढून कायमचा निरोप घेतला. काकांनी त्यावर देशी मोटर चढवली आणि तोही ओळीत जोडला. आता पडवीत तीन टाक्या होत्या. पुढे लोडशेडिंग वाढलं तसा त्यांचा वेगळाच उपयोग झाला. वीज जायच्या आधी इफ्फत तिन्ही भरून ठेवायची आणि बाजारातले पंक्चरवाले अंधारात बसलेले असताना हिच्याकडे हवा असायची. मग तेच पंक्चरवाले चाकं घेऊन हिच्या दारात यायला लागले.

दोन हजार चार साली तहा खरोखरच परत आला. गॅरेज बंद पडलं आणि त्याच्या सहा महिन्यांचा प्रश्न मालकानेच सोडवला. तो येणार हे कळल्यावर खुर्शीदबीने क्रोशाचं कव्हर धुऊन वाळत घातलं. इफ्फतने ते घडी करून कपाटात ठेवून दिलं. तहा गाडीतून उतरला तेव्हा अंगणात रावजीची चार हिरवी कपाटं वाळत होती आणि गाडीच्या टपावर त्याने आणलेला चौथा कॉम्प्रेसर बांधलेला होता. तहाने एका कपाटाभोवती फेरी मारली.

"गन कोण चालवतं?" त्याने विचारलं.

"मी," इफ्फत म्हणाली.

तो आंघोळीला गेला.

चार दिवसांनी सदूची रिक्षा रंगवायची होती. आता प्रोप्रायटर आले म्हटल्यावर बघायला माणसं जमली. मीही दुकान शेजाऱ्यावर सोपवून गेलो. तहाने शारजातल्या गाड्यांच्या गोष्टी सांगितल्या, गन हातात घेतली, एक डोळा मिटला आणि रिक्षाच्या मागच्या पत्र्यावर रंग मारला. थोड्या वेळाने त्या पत्र्यावरून काळे ओघळ उतरू लागले. तहा म्हणाला, हवा दमट आहे. मग म्हणाला, इथला रंग पातळ. मग त्याची नजर तीन मशीनांवर गेली. तीन ठिकाणच्या तीन मशीनांची हवा कधी एक होते का, असं म्हणून त्याने सगळी जोडणी सोडवली आणि आपला चौथा कॉम्प्रेसर लावला. ओघळ तसेच आले, उलट आणखी लांब. धोंडूकाका उठून माझ्या दुकानाकडे चालू लागले. माणसं पांगली. दमट हवेचं कारण सगळ्यांनी मान्य केलं, कारण शारजाहून आलेल्या माणसाला रंग मारता येत नाही, हे मान्य करणं त्याहून कठीण होतं.

पुढे काय झालं ते मला खुद्द तहानेच सांगितलं, बऱ्याच दिवसांनी, पॉलिश पेपर घ्यायला आला होता तेव्हा. त्या दुपारी जेवण झाल्यावर इफ्फत पडवीत बसून सोडलेले पाइप परत जोडत होती. तो तिच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "मी गन धरलीच नाही कधी. इतकी वर्षं नुसतं घासलं."

शारजाच्या गॅरेजात तो पुट्टी भरायचा आणि पत्रा घासायचा. गन केरळच्या एका माणसाकडे असायची आणि तो माणूस ती कोणाला देत नसे. दर वर्षी तहाला वाटायचं, पुढच्या वर्षी गन हातात येईल, शिकून घेऊ आणि मग परत जाऊ. आणि आता जायलाच हवं असं फार वाटू लागलं की तो एक कॉम्प्रेसर विकत घेऊन घरी पाठवायचा. त्याने काही दिवस बरं वाटायचं.

इफ्फत हसली नाही. तिने हातातली क्लिप आवळली आणि म्हणाली, "मग सदूच्या रिक्षेवरचे ओघळ घासायला तुमच्याइतका चांगला माणूस पालीत नाही."

तहाने ते घासले. पाण्याचा पेपर, त्याहून बारीक पेपर, मग नुसता तळहात. डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवत तो जिथे थांबायचा, तिथे खरोखरच खळगा निघायचा. त्यानंतर इफ्फतने तीन टाक्यांच्या हवेवर रंग मारला. रिक्षा अशी झाली की सदू मागच्या पत्र्यात बघून केस विंचरू लागला.

तेव्हापासून तसंच ठरलं. तो घासायचा, ती रंगवायची. चौथा कॉम्प्रेसर जोडला असता तर आळीतले दिवे पुन्हा गेले असते, म्हणून तो तसाच राहिला. गावात बोललं जायचं की तहा आल्यापासून कामाला शारजाची सफाई आली, बायकोही बिचारी हाताखाली मदत करते. यातली पहिली गोष्ट खरी होती, त्यामुळे दुसरी खोटी आहे हे सांगायला जागाच उरत नसे. गिऱ्हाईक आलं की रंगाबद्दलचे प्रश्न तहाला विचारायचं. सुरुवातीला तो "इफ्फतला विचारा" म्हणायचा. मग मान डोलवायला लागला. मग उत्तरं द्यायला लागला.

दोन हजार सातमध्ये रत्नागिरीला आखातातून परतलेल्या लोकांचा एक मेळावा भरला. घरच्या घरी दोन-तीन कॉम्प्रेसर जोडून छोटं वर्कशॉप कसं चालवावं, यावर तहा मुकादम यांचं मार्गदर्शन ठेवलं होतं. त्याने इफ्फतला बरोबर चल म्हटलं, पण रावजीची मागणी पुरी करायची होती. मग त्याच्याबरोबर मी गेलो.

तहा बरा बोलला. पाइप, टी, टाकीतलं पाणी, सगळं सांगितलं. शेवटी बुरोंडीचा एक बोटी दुरुस्त करणारा माणूस उठला. त्याच्याकडेही दोन मशीनं होती; एकदम सुरू होऊन फ्यूज उडवत होती. स्विच नेमके कसे लावायचे, असं त्याने विचारलं. तहा थांबला. मला वाटलं, आता दमट हवा येणार. तो म्हणाला, "ते मिसेसना विचारून सांगतो."

सभागृह हसलं. चांगला विनोद झाला होता. तहा हसणं थांबेपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, "हसू नका. ती सगळी जोडणी तिची आहे. रंगही तीच मारते. मी फक्त घासतो."

मग अध्यक्ष उठले, त्यांनी माईक ओढून घेतला आणि म्हणाले की एवढं यश मिळवून इतकी नम्रता ठेवणारा माणूस आजकाल दुर्मीळ. टाळ्या पडल्या. तहाला शाल आणि नारळ दिला.

पुढच्या रविवारी बुरोंडीचा तो माणूस पत्ता विचारत पालीत आला. आधी माझ्या दुकानात आला, त्याला वॉल्व्ह हवे होते, म्हणून मीच त्याला घेऊन गेलो. त्याने तहाला नमस्कार केला. तहाने पडवीकडे बोट दाखवलं. इफ्फतने त्याला सगळं दाखवलं: आधी कोणतं मशीन उठतं, मग कोणतं, दोन्हींच्या प्रेशरमध्ये किती फरक ठेवायचा, वॉल्व्ह कोणत्या तोंडाने बसवायचा. माणूस लक्ष देऊन ऐकत होता. प्रत्येक गोष्ट ऐकून झाली की तो तहाकडे वळून विचारायचा, असंच ना? आणि तहा म्हणायचा, ती सांगते तसं.

जाताना त्याने तहाचे आभार मानले.

तो गेल्यावर तहा पायरीवर बसला. म्हणाला, "मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, भाऊंना विचार."

"कळलं मला," इफ्फत म्हणाली. "खरं कोणाला वाटलं?"

तहाने थोडा विचार केला. "कोणालाच नाही," तो म्हणाला.

अंगणात दोन कपाटं अजून ओली होती आणि आभाळ भरून आलं होतं. ती उचलून पडवीत घ्यायला दोघं उठली. एका बाजूने मीही हात लावला.